जास्त त्रासाची गोळी

अंबादासरावांना त्रास न देणारं औषध चालत नाही. एकदा डोळ्यांत घालायचे थेंब चुरचुरले नाहीत म्हणून ते बाटली घेऊन दुकानात परत गेले आणि भर गर्दीत दुकानदाराला म्हणाले, "हे औषध हाय का नळाचं पाणी?" दुकानदारानं बिचाऱ्यानं बाटलीवरचं नाव दाखवलं, मुदत दाखवली. अंबादासराव कशाला ऐकतात! "मुदत नाय इचारली मी. डोळा ठणकला नाय, त्याचं बोला." शेवटी कटकट नको म्हणून दुकानदारानं दुसऱ्या कंपनीचे थेंब दिले. ते घालून, दोन्ही डोळे लालभडक करून अंबादासराव संध्याकाळी आमच्या फाटकात येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

त्यांचं सगळं वैद्यकशास्त्र एका वाक्याचं आहे. "औषधानं दम काढला पाहिजे." इंजेक्शन दुखलं नाही तर सिस्टरचा हात कच्चा. गोळी कडू लागली नाही तर ती लहान लेकरांची. बाम ते असा चोपडतात, की त्यांच्याशी बोलताना समोरच्याचं नाक मोकळं होतं. करोनाची लस घेतल्यावर मला सडकून ताप आला आणि त्यांना साधी कणकणसुद्धा आली नाही. तेव्हा माझ्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि माझ्याकडे असूयेनं बघत म्हणाले, "देशपांडे, तुमचं नशीब. आमाला रिकामी सुई टोचली." नंतर लसीकरण केंद्रावर जाऊन भांडूनही आले म्हणे.

अशा माणसाचं आणि आपलं कुंपण एकच असणं म्हणजे काय, हे गारखेड्यात आमच्या गल्लीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. अंबादासराव जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, पण खातं अजून त्यांच्या अंगात आहे. आमच्या गच्चीच्या गळतीपासून ते आमच्या हिच्या फोडणीपर्यंत सगळ्याची ते पाहणी करतात आणि तिथल्या तिथं शेरा मारतात. गाव फुलंब्रीकडचं. मोसंबीची बाग आहे, ती भाऊ बघतो. हंगामात पिशवीभर मोसंबी आमच्याकडे येतात, पण मोसंबी कशी सोलावी यावरचं व्याख्यानही त्याबरोबर येतं. बायको जाऊन काही वर्षं झाली. एकुलती एक मुलगी शीतल, ती लग्न होऊन नवऱ्याबरोबर टांझानियात, दार-ए-सलामला. जावई तिथल्या कुठल्याशा कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत.

दुसऱ्याच्या दुखण्याची मात्र या गृहस्थाला काडीची किंमत नाही. मला मुतखडा झाला, मी गादीवर गडाबडा लोळत होतो, तेव्हा हे भेटायला आले आणि डॉक्टरांचा रिपोर्ट बघून म्हणाले, "एवढुसाच? आमच्या चुलत्याला निघाला व्हता बोराएवढा." माझा खडा त्यांनी असा नापास केला. आमची ही हसली, म्हणून मला आणखी राग आला.

तर गेल्या हिवाळ्यात शीतलचा फोन आला, की गोड बातमी आहे. अंबादासरावांनी गल्लीभर पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, ही आपली रीत. पण शीतलला सुरुवातीलाच थोडा त्रास झाला होता, आणि तिकडच्या डॉक्टरांनी इतक्या लांबच्या विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. आता माहेरी येणं नाही, आणि माहेरी करणारी आईही नाही. सासूबाईंना गुडघ्यांनी जागेवर बसवलेलं. दुसरा कोणी असता तर चार नातेवाईक बायकांना फोन केला असता. अंबादासराव आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "ती येऊ शकत नाय ना? मंग माहेर तिकडं जाईन."

"म्हणजे कोण जाणार?" मी विचारलं.

"कोण म्हंजे? मी. माहेर म्हंजे आता मीच हाय की."

ज्या माणसाला स्वतःचा चहा उतू न घालता करता येत नाही, तो आफ्रिकेत जाऊन बाळंतपण करणार! मी त्यांची जितकी थट्टा करता येईल तितकी केली. बाळाला न्हाऊ घालताना तेल जास्त झोंबेल असं बघा, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ते सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेले आणि हिला म्हणाले, "वहिनी, डिंकाचे लाडू शिकवा." त्यानंतर कितीतरी दुपारी आमचं स्वयंपाकघर बांधकाम खात्याच्या ताब्यात होतं. डिंक तळताना हे शेजारी उभे राहून फुगलेला डिंक तपासायचे. लाडू वळून झाला की तो हातातून ताटात टाकून बघायचे. फुटला तर नामंजूर. नामंजूर लाडू मला खावे लागत, आणि बाळंतिणीला जे जे मानवतं ते सगळं त्या काळात माझ्या पोटात गेलं.

लाडू झाले, शेपा-ओवा बांधून झालं, आणि मग मलेरियाच्या गोळीचा विषय निघाला. तिकडे हा आजार फार, आणि इकडून जाणाऱ्यांना जोरात होतो, तेव्हा आधीपासून गोळ्या घेऊनच निघा, असं जावयांनी बजावलं होतं. अंबादासरावांनी आधी हे हसण्यावारी नेलं. आमच्या शहरात नळाला पाणी येतं ते कितीतरी दिवसांनी, त्यामुळे घराघरांत पाण्याचे ड्रम भरलेले आणि ड्रमागणिक डास. "आपल्या गारखेड्याच्या डासाला मी पुरून उरलो," ते म्हणाले, "आफ्रिकेचा काय करणार?" मग एके दिवशी अचानक स्वतःहूनच म्हणाले, "चला देशपांडे, स्कूटर काढा. गोळी आणू."

स्कूटरवर मागे बसून मला स्कूटर चालवायला शिकवणं हा त्यांचा आवडता छंद. क्रांती चौकात तर ते दोन्ही हात पसरून मागच्या गाड्या थांबवतात. असे आम्ही शहागंजला डॉक्टर मिर्झांकडे पोचलो. मिर्झा जुने, शांत डॉक्टर. अंबादासरावांना इतकी वर्षं त्यांनी सहन केलं, यावरूनच त्यांच्या स्वभावाची कल्पना यावी.

डॉक्टरांनी समजुतीनं सगळं सांगितलं. तीन प्रकारच्या गोळ्या आहेत. एक रोज घ्यायची, जेवणाबरोबर. निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, परत आल्यावर आठवडाभरानं बंद. बहुतेकांना मानवते, फार तर पोट थोडं बिघडतं. दुसरी डॉक्सिसायक्लिन. तीही रोजची, पण उन्हानं कातडी भाजते, आणि गोळी घेऊन लगेच आडवं झालं तर घशाखाली जळजळतं. शिवाय परत आल्यावरही महिनाभर घेत राहायची. तिसरी मेफ्लोक्विन. आठवड्याला एकच.

"पण हिची गंमत वेगळी आहे," डॉक्टर म्हणाले. "चक्कर येते, मळमळतं, झोप उडते. ख्वाब ऐसे पडते, की आदमी घबरा जाए. काही जणांचं मन फार खाली जातं. आपको तो मैं पहिलीवालीच देता. मागवून घेऊ."

अंबादासरावांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, या तिघींमधी जास्त त्रासाची कोणती?"

"जास्त असर की?"

"असर नाय ओ. त्रास. त्रास."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं. "असर तिन्हींचा सारखाच आहे," डॉक्टर म्हणाले, "मग कायकू त्रास घेता?"

"औषधानं दम काढला पाहिजे. आठवड्याची द्या."

अर्धा तास हुज्जत चालली. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, की कधी फिट आली का, मनाचं काही दुखणं झालं का. हृदयाची पट्टी काढायला लावली. कुठंच काही सापडलं नाही, तेव्हा नाइलाजानं चिठ्ठी लिहिली. निघायला अजून वेळ होता. तेव्हा गोळी आत्तापासूनच सुरू करा, म्हणजे मानवली नाही तर बदलता येईल, असं म्हणाले. "पोटभर जेवून, भरपूर पाण्याबरोबर. आणि काय होतंय ते मला येऊन सांगायचं. कुछ भी हुआ तो छुपाना नक्को."

छुपाना! आपलं दुखणं लपवणारा हा माणूसच नव्हे, असं मी डॉक्टरांना हसत सांगितलं.

आणि झालंही तसंच. रविवारी दुपारी जेवून त्यांनी पहिली गोळी घेतली आणि सोमवारपासून आमची सकाळ त्यांच्या स्वप्नांना आंदण गेली. आम्ही चार म्हातारे सकाळी फिरून आलो की मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसतो. अंबादासराव आल्या आल्या सुरू व्हायचे. "काल काय झालं, जिल्हा परिषदेच्या इलेक्शनला म्हैस उभी राह्यली. मी इलेक्शन अधिकारी. तिला म्हणलं, बाई, अर्जावर सही कर. तं तिनं अर्जच खाल्ला. मी अर्ज बाद केला, तं अख्खं गाव काठ्या घेऊन माझ्या मागं, आन सगळ्यात पुढं कोण? म्हैस!" दुसऱ्या आठवड्यात विमानात त्यांच्या शेजारच्या सीटवर गारखेड्याचा डास येऊन बसला, टाय लावून. त्याची म्हणे तिकडे बदली झाली होती. एका स्वप्नात मी त्यांच्या ऑफिसात शिपाई होतो आणि चहात साखर कमी पडली म्हणून त्यांनी मला निलंबित केलं. ते स्वप्न सांगून झाल्यावर दिवसभर माझ्याशी साहेबासारखेच वागले.

सांगताना ते आमच्या तोंडांकडे निरखून बघत. कुठे हसलो, कुठे नाही. ज्या जागी हसू आलं नाही ती जागा दुसऱ्या दिवशी गाळलेली असे, आणि म्हैस आणखी एक पाऊल पुढे गेलेली असे. मी मनात म्हटलं, याला आता दुखण्यातही वाहवा पाहिजे.

पण हळूहळू माणूस उतरायला लागला. भिंतीला हात लावत लावत चालायचे. ताटात भाकरी तशीच राहायची. एकदा फाटकापाशी उभे असताना कुंपणाचा गज धरून डोळे मिटून थांबले, आणि मी विचारल्यावर "गज मजबूत हाय का बघू राह्यलो" म्हणाले. आमची ही मला म्हणाली, "त्यांना बरं नाहीये. तुम्ही हसता काय सगळे? आजारी पडले तर त्या पोरीकडे कोण जाणार?" हे खरं होतं. जाण्याचा दिवस जवळ येत होता, शीतलचे दिवस भरत आले होते, आणि ज्या माणसावर सगळी भिस्त, तो गोळी घेऊन भिंत धरून चालत होता. मी त्यांना स्कूटरवर घालून डॉक्टरांकडे नेलं. त्या दिवशी त्यांनी मला स्कूटर शिकवली नाही, यावरूनच मी काय ते समजलो.

"कसं काय?" मिर्झांनी विचारलं.

"एकदम झकास," अंबादासराव म्हणाले. "काय नाय. गाढ झोप. भूक बी चांगली."

मी बघतच राहिलो. शिंक आली तरी गल्लीला कळवणारा हा माणूस, आणि खऱ्या डॉक्टरापुढे, दुखण्याच्या हक्काच्या जागी, सपशेल खोटं बोलत होता! मी सगळं सांगून टाकलं. चक्कर, भाकरी, कुंपणाचा गज. अंबादासरावांनी माझ्याकडे असं बघितलं, की जिल्हा परिषद असती तर मी खरोखरच निलंबित झालो असतो.

डॉक्टर ताडकन म्हणाले, "रविवारची गोळी बंद. ही रोजची घ्या, निघायच्या आदल्या दिवसापासून." गोळ्यांचं पाकीट त्यांनी अंबादासरावांच्या खिशात स्वतःच्या हातानं घातलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "देशपांडे साहब, इतवार को जरा जाके देखो. ये आदमी सुननेवाला नहीं."

म्हणून त्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. हातातली गोळी हिसकावून घेण्याच्या तयारीनं गेलो होतो, खोटं कशाला सांगू? दार नुसतं लोटलेलं होतं. आत भरलेली बॅग, लाडवांचा डबा, जुन्या साड्यांच्या मऊ दुपट्यांचा गठ्ठा. जेवणाचं ताट बाजूला सारलेलं, आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केलेला. मोबाइलमध्ये शीतल. चेहरा सुजलेला, डोळे रडून लाल, आणि तिच्याही हातात गोळी.

"आण्णा, मला नाही घ्यायची," ती म्हणत होती. "परत तसंच होणार. घाम येतो, छातीत धडधडतं. कोणीतरी बाळ घेऊन चाललंय असंच दिसतं सारखं."

"मला बी व्हतंय माय," अंबादासराव म्हणाले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तुजी डॉक्टरीणबाई काय म्हणली? पोटात लेकरू असताना हीच गोळी चालती. दुसऱ्या त्या नाय चालत. सपान वंगाळ, पण ताप त्याहून वंगाळ. म्हणली ना?"

"म्हणाली. पण तुम्हाला तरी खरंच होतं का असं? का मला बरं वाटावं म्हणून?"

"हे बघ." त्यांनी पाकीट मोबाइलसमोर धरलं. "तुजीच गोळी. त्याच नावाची. आन या आठवड्याची गंमत ऐक. ती म्हैस निवडून आली."

आणि त्यांनी म्हैस सांगायला घेतली. ओट्यावर आम्हाला ऐकवलेली, घासूनपुसून चकचकीत केलेली, आम्ही न हसलेल्या जागा गाळलेली. म्हैस अध्यक्षाच्या खुर्चीत बसली, खुर्ची मोडली, आणि दुरुस्तीचा अंदाज करायला यांनाच बोलावलं. शीतल आधी नाक ओढत होती, मग हसायला लागली, मग पोटाला हात लावून हसायला लागली. "बास, आण्णा, तो लाथा मारतोय आतून!"

"मार म्हणावं. चल, घे आता. मी बी घेतो. संगंच."

दोघांनी दोन देशांत एकदमच पाण्याचा पेला उचलला. मी ज्या कामासाठी गेलो होतो ते काम माझ्या डोळ्यांदेखत फसलं, आणि मी दाराशी नुसता उभा राहिलो.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला बघितलं. रागावले नाहीत. "बसा," म्हणाले.

"अंबादासराव, अहो डॉक्टरांनी बंद करायला सांगितली होती."

"तिला बदलता येत नाय, देशपांडे. तिला येकच गोळी हाय. मंग बापानं सोपी कामून खावी? ती म्हणली व्हती, मी बंदच करते आण्णा, कोणाला कळत नाय मला काय व्हतं. म्हून म्हणलं, आपण बी खाऊन बघू. मंग तं कळंन."

"पण चक्कर येऊन पडलात तर तिकडे कोण जाणार?"

"येवढं खरं हाय तुमचं." त्यांनी मान खाली घातली. "उद्या जातो डॉक्टरकडं. सगळं सांगतो. तिच्या गोळीचं बी सांगतो. मंग ते म्हणतीन तसं."

मी वातावरण हलकं करायला म्हटलं, "म्हैस सांगू नका, नाहीतर तुमची रवानगी दुसऱ्याच दवाखान्यात करतील."

"म्हैस कुठली ओ! म्हैस झूट. डास झूट, तुमचं निलंबन बी झूट. तुमच्यावर चालवून बघत व्हतो. तुमी हसले की रविवारी तिला सांगायचो."

"म्हणजे तुम्हाला स्वप्न पडतच नाही?"

"पडतं ना." ते बॅगेकडे बघत राहिले. "येकच पडतं, रोज. शीतलची आई दारात उभी असती. नवी साडी नेसून, पिशवी भरून. म्हणती, चला, उशीर व्हतोय, पोरीचे दिवस भरले. आन मला तिला सांगावं लागतं, की तुजं तिकीट नाय काढलं."

बाहेर कोणाच्या तरी ड्रममध्ये टँकरचं पाणी पडत होतं.

"रागवत नाय ती," अंबादासराव म्हणाले. "पिशवी माझ्या हातात देती, आन इचारती, बाळंतिणीच्या कानाला बांधायला रुमाल घेतला का? मी म्हणतो, घेतो. पण सुती घ्यायचा का लोकरीचा, हे इचारायच्या आधीच जाग येती बघा. रोज. तिकडं उकाडा हाय म्हणतेत, पण बाळंतिणीच्या कानात वारं जाऊ द्यायचं नाय, हे बी खरं. मला नाय कळत यातलं. तेवढं जरा वहिनींला इचारून सांगता का?"